टाकीतले जिवाणू, बांधावरचं प्लास्टिक

प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडल्याची बातमी आली की आमच्या भागातली माणसं मला थांबवून विचारतात, "भाऊसाहेब, मग आता हा कचरा जाणार म्हणायचा का?" मलाच विचारतात, कारण मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. माझी सगळी नोकरी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या भरवशावर झाली. एका टाकीतल्या यीस्टनं मळीचं अल्कोहोल करायचं आणि दुसऱ्या टाकीतल्या जिवाणूंनी अल्कोहोल काढून उरलेलं घाण पाणी खायचं. हे जीव काय करू शकतात ते मी पाहिलं आहे. कुठे हात टेकतात, तेही पाहिलं आहे.

अहिल्यानगर जिल्हा, आमच्या बोलण्यातला नगर जिल्हा, जिवाणूंकडून प्रदूषण निस्तरून घेण्याच्या कामात जुना आहे. प्लास्टिकचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा असेल, तर या जिल्ह्यानं मळीच्या पाण्याचं काय केलं हे आधी नीट बघितलं पाहिजे.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. कालव्याचं पाणी आलं आणि ज्या रानात बाजरीचीही खात्री नसायची तिथे ऊस उभा राहिला. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्याच काळातला. १९३० च्या दशकात महादेव डहाणूकरांनी टिळकनगरला कारखाना काढला. हे सगळे खासगी. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीगोंदा, सोनई, भेंडे असे कारखाने उभे राहत गेले. या जिल्ह्यातल्या शाळा, कॉलेजं, दवाखाने, रस्ते या धुराड्यांच्या आधारानं झाले. माझं शिक्षणही त्यातूनच झालं, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कारखानदारीच्या वैरातून नाही.

एक टन ऊस गाळला की साखरेशिवाय तीन गोष्टी हातात येतात. तीनशे किलोच्या आसपास बगॅस म्हणजे चिपाड, तीस-चाळीस किलो प्रेसमड म्हणजे रसातला गाळ आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी. बगॅस बॉयलरमध्ये जातो, प्रेसमड शेतात जातो. मळीत साखर असते, पण तिचे दाणे पाडता येत नाहीत. म्हणून कारखान्यांनी शेजारी डिस्टिलऱ्या घातल्या. एका टन मळीतून सव्वादोनशे ते पावणेतीनशे लिटर अल्कोहोल निघतं. आणि प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे दहा ते पंधरा लिटर काळपट तपकिरी, आंबट, वाफाळतं पाणी उरतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. रोज तीस हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी रोज तीन-चार लाख लिटर स्पेंटवॉश बाहेर टाकते.

पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. असं पाणी ओढ्यात गेलं की ओढ्यातले जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात. मासे गुदमरून वर येतात. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. म्हणजे ओढा मारणारेही जिवाणूच. त्यांना कुठे, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली खायला घालतो, यावर सगळं ठरतं.

आमच्या लहानपणी एका कारखान्याच्या खालच्या अंगाला आमच्या पाहुण्यांची विहीर होती. पोहरा वर ओढला की पाणी तांबूस दिसायचं. बैल तोंड लावून बाजूला व्हायचे. आत्या म्हणायची, "आरं, जनावर ज्याला तोंड लावत नाही ते आपण कसं प्यायचं?" घरात प्यायला कालव्याचं पाणी आणायचे आणि विहीर फक्त घासाला राहिली. पुढे घासही पिवळा पडू लागला. अशा विहिरी ऊस पट्ट्यात गावोगाव होत्या. महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये आलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. कायदे आले तरी स्पेंटवॉशचं करायचं काय, याचं उत्तर कोणापाशी नव्हतं. मोठाले खड्डे खणून त्यात तो साठवायचा आणि उन्हानं आटेल अशी वाट बघायची, एवढंच चाले. त्या खड्ड्यांना लगून म्हणत. आटायचं थोडं, मुरायचं जास्त.

१९८० च्या दशकात हवाबंद डायजेस्टर आले. तीन-चार मजली उंचीच्या त्या टाकीत हवा जाऊ द्यायची नाही, आत जिवाणू वाढवायचे आणि त्यांना स्पेंटवॉश खायला घालायचा. खाऊन ते मिथेन सोडतात, तो गॅस बॉयलरला जाळायचा. टाकी सुरू करताना विरजण शेणाचं. आसपासच्या गोठ्यांतून ट्रॅक्टर भरभरून शेण यायचं. ते कालवून, गाळून, काडीकचरा काढून आत सोडायचं. गाईच्या पोटातले जिवाणू शेणासोबत येतात आणि अंधाऱ्या, उबदार टाकीत घर करतात.

आत दोन जमाती नांदतात. पहिली जमात मोठे रेणू फोडून त्यांची आम्लं करते. दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन करते. पहिली दांडगी, भराभर वाढणारी. दुसरी नाजूक. तिला पस्तीस ते अडतीस अंश तापमान हवं, सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपास हवा आणि खाणं बेतानं हवं. आत येणारा स्पेंटवॉश मात्र चार सामूचा आणि चटका बसेल इतका गरम. तो थंड करून, टाकीतलंच थोडं पाणी फिरवून मिसळून, हळूहळू द्यावा लागतो.

हंगाम ऐन भरात असला की हा बेत मोडायचा. लगून काठोकाठ भरलेला, अल्कोहोलचे टँकर दारात उभे, आणि वरून निरोप यायचा की फीड वाढवा. फीड वाढलं की पहिल्या जमातीचं फावतं. ती आम्लं करत सुटते, दुसरीला ती खाणं झेपत नाही, आम्लं साठतात, सामू उतरतो आणि दुसरी जमात मरायला लागते. पाळीवरचा ऑपरेटर मीटरच्या आधी नाकानं ओळखायचा. "साहेब, गॅस पडलाय. वासबी बदललाय. आंबलं बरं का." नमुना काढून बघावा तर सामू सहाच्या घरात, आम्लाचा आकडा दुप्पट. मग फीड बंद. चुन्याची निवळी, नवा शेणकाला, आणि थांबायचं. आंबलेली टाकी ताळ्यावर यायला आठवडे जात. त्या आठवड्यांत जिवाणूंना विश्रांती मिळायची, डिस्टिलरीला मिळायची नाही. तो सगळा स्पेंटवॉश लगूनमध्ये आणि लगूनमधून जमिनीत. त्या रात्रींनी मला शिकवलं की जिवाणू आपल्या गतीनं काम करतात आणि माणसाची घाई त्यांना मारते.

टाकी नीट चालली तर काम खरोखर मोठं व्हायचं. बीओडी ऐंशी ते नव्वद टक्के उतरायचा. एका घनमीटर स्पेंटवॉशमागे पंचवीस-तीस घनमीटर गॅस मिळायचा आणि बॉयलरचं बरंच इंधन वाचायचं. पण पन्नास हजारांतले नव्वद टक्के गेले तरी पाच हजार उरतात. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा तीसची आणि जमिनीवर सोडायच्या पाण्याला शंभरची. शिवाय तपकिरी रंग जसाच्या तसा. तो मेलॅनॉइडिन नावाच्या पदार्थांचा असतो आणि आमच्या टाकीतल्या जिवाणूंना ते पचत नाहीत. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड यायचा, तो लोखंड खायचा आणि टाकीजवळ बेफिकीर वागणाऱ्या माणसाच्या जिवावर उठायचा. मग उरलेलं पाणी प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करणं आलं, आटवून घट्ट करणं आलं, बॉयलरमध्ये जाळणं आलं. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योगांत सनद ठरली. डिस्टिलऱ्यांनी नदी-नाल्यांत थेंबभरही स्पेंटवॉश सोडायचा नाही, हे बंधन तिनं घातलं. पहिल्या डायजेस्टरपासून तिथे पोचायला वीस वर्षं लागली. तेवढ्या काळात डिस्टिलऱ्या मोठ्या होत गेल्या, आणि मोठं होताना तोंडी एकच वाक्य असे: आता आपल्याकडे डायजेस्टर आहे.

जिवाणूंची दुसरी शाळा राहुरीला. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झालं आणि तिथली जिवाणू संवर्धनाची पाकिटं शेतकऱ्यांच्या घरात पोचली. बियाण्याला चोळायच्या रायझोबियम जिवाणूचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट, दहा किलो बियाणं, गुळाचं पाणी, सावलीत सुकवणं, हे आमच्याकडे बायाबापड्यांनाही पाठ आहे. तसंच ऊसतोडीनंतरच्या पाचटाचं. पूर्वी पाचट सर्रास पेटवून द्यायचे. विद्यापीठानं सांगितलं, जाळू नका, सरीत दाबा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, ओल ठेवा. ज्यांनी हे सगळं केलं त्यांचं पाचट कुजलं, जमिनीला भुसभुशीतपणा आला. ज्यांनी नुसतं पाकीट फोडून वर टाकलं त्यांचं पाचट पुढच्या तोडीपर्यंत तसंच राहिलं, आणि दोष जिवाणूंना मिळाला. बाजारात नावाला जिवाणू असलेली पाकिटंही खपत होती. जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली २००६ मध्ये. तेव्हा कुठे पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, हा नियम झाला.

आता प्लास्टिककडे येतो. या जिल्ह्यात पाणी वाहून नेण्याची विद्या जुनी आहे. निजामशाहीत नगर शहराला बाहेरच्या गावांकडून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी पाणी आणलं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी मोट चामड्याची, नाडा वाखाचा, पोतं तागाचं, दुधाची बरणी पितळेची होती. हे सगळं वापरून झालं की मातीत जायचं किंवा मोडीत जायचं. गेल्या चाळीस वर्षांत त्या प्रत्येकाच्या जागी प्लास्टिक आलं, आणि उगीच आलं नाही. पीव्हीसी पाइपानं पाटातली गळती थांबवली. जळगावच्या भवरलाल जैनांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक गावोगाव नेलं आणि अवर्षणाच्या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तर शेततळ्यांची संख्या झपाट्यानं वाढली. पारनेर, संगमनेर, राहाता भागात उंचावरून बघितलं तर काळ्या कागदाची तळी जागोजाग दिसतात. तो कागद पाचशे मायक्रॉनचा. पाणी मुरू नये म्हणूनच तो अंथरलेला. तो कुजत नाही, हाच त्याचा गुण.

पंचवीस-तीस मायक्रॉनच्या मल्चिंग पेपरची गोष्ट वेगळी. टोमॅटो, कलिंगड, मिरची त्याच्यावर चांगली येते, तण कमी होतं, पाणी वाचतं. पीक निघाल्यावर तो ओढून काढायचा तर उन्हानं ठिसूळ झालेला कागद हातात तुकड्यातुकड्यांनी येतो. मजुरी परवडत नाही. थोडा बांधावर गोळा होतो, उरलेल्यावर रोटाव्हेटर फिरतो. नांगरट केलेल्या वावरातलं एक ढेकूळ उचलून फोडा, आत नखाएवढे काळे-चंदेरी तुकडे दिसतील. बांधावरचा ढीग संध्याकाळी पेटवला जातो आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

आणि गाई. हा दुधाचा जिल्हा आहे. उकिरड्यावर, बाजारतळावर सुटलेली गाय कॅरीबॅगेतल्या शिळ्या भाकरीसाठी पिशवीसकट गिळते. एकदा मी अशा गाईचं ऑपरेशन बघितलं. पोट फुगलेलं, रवंथ बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी डाव्या कुशीवर भूल देऊन छेद घेतला, कोठीपोट उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तो एक घट्ट गुंता. कॅरीबॅगा, दुधाच्या पिशव्या, नायलॉनची दोरी, गुटख्याच्या पुड्या, सगळं एकमेकांत पिळून बसलेलं. पाटी भरली तरी हात आत जातच होता. डॉक्टर म्हणाले, "हे वर्षानुवर्षं असंच राहतं. काही म्हणजे काही पचत नाही." मालकीण बाई पाटीकडे बघून रडत होती. ज्या कोठीपोटातल्या जिवाणूंच्या जिवावर मी डायजेस्टर चालवले, त्यांच्यासमोर ही पिशवी वर्षानुवर्षं पडून होती आणि त्यांनी तिला तोंड लावलं नव्हतं.

आता प्रयोगशाळेत काय झालं ते बघू. जपानमधल्या साकाई शहरात प्लास्टिकच्या बाटल्यांवर प्रक्रिया करणाऱ्या जागेच्या मातीत योशिदा, ओडा, मियामोतो या शास्त्रज्ञांच्या गटाला एक जिवाणू सापडला. २०१६ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. नाव आयडिओनेला साकाईएन्सिस. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटीच्या असतात त्या पीईटीचा पातळ पापुद्रा त्यानं तीस अंश तापमानात सहा आठवड्यांत फस्त केला. त्याच्याकडे दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. एक पीईटीची साखळी तोडतं, दुसरं तुकड्यांचे आणखी तुकडे करतं आणि शेवटी मूळचा कच्चा माल हाती येतो. भारतात २०१९ मध्ये शिव नाडर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाणथळ जागेतून पॉलिस्टायरीनवर, म्हणजे ज्याचा थर्माकोल होतो त्यावर, काम करणारे जिवाणू वेगळे केले. आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी दाखवलं की गाईच्या कोठीपोटातला रसही पीईटी आणि त्याच्या भावकीतली प्लास्टिकं थोडी थोडी तोडतो.

मग त्या गाईच्या पोटात पिशवी का उरली? कारण प्लास्टिक हे एक नाही. पीईटीची साखळी उसासारखी असते, तिला ठरावीक अंतरावर पेरं असतात. विकराचा कोयता त्या पेरावर बसतो. कॅरीबॅग, दुधाची पिशवी, मल्चिंग पेपर, ठिबकची नळी, शेततळ्याचा कागद हे सगळं पॉलिथिलीन. त्याची साखळी कार्बनला कार्बन जोडून केलेली, एकही पेर नसलेली. तिथे कोयता टेकवायला जागाच नाही. मेणकिड्याच्या अळीवर, काही बुरशींवर काम चालू आहे, पण शेतातलं पॉलिथिलीन बघता बघता खाऊन टाकणारा जिवाणू आज कोणाकडेही नाही. आमच्या वावरात आणि गाईच्या पोटात बहुतेक पॉलिथिलीनच असतं, हे बातमी वाचताना लक्षात ठेवलं पाहिजे.

पीईटीच्या बाबतीतही यश कुठे आलं ते पाहा. कार्बिओस या फ्रेंच कंपनीनं आणि तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये सुधारलेलं विकर वापरून दहा तासांत नव्वद टक्के पीईटी तोडून दाखवलं. पण बहात्तर अंश तापमानाच्या टाकीत, आधी वितळवून, झटकन थंड करून, भुकटी केलेल्या बाटल्यांवर. मोठ्या कारखान्याचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं आणि पुढे पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत काम लांबलं. हे सगळं मला ओळखीचं वाटतं. तापमान सांभाळा, खाणं बारीक करून द्या, टाकीवर माणूस बसवा, आणि उरलेल्याचं काय करायचं ते आधी ठरवा.

आता धोक्यांबद्दल. पहिला धोका उरण्याचा. प्लास्टिकमध्ये नुसतं प्लास्टिक नसतं. रंग असतात, मऊपणासाठी घातलेली रसायनं असतात, काही पाइपांत शिशाचे क्षार असतात. जिवाणूनं साखळी तोडली की हे सगळं मोकळं होतं. अर्धवट तुटलं तर मोठ्या तुकड्याचे सूक्ष्म कण होतात आणि ते पाण्यात, चाऱ्यात शिरतात. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असा समज होईल. डायजेस्टरनं बीओडी खाल्ला आणि रंग मागे ठेवला, तो डोळ्यांना दिसत तरी होता.

दुसरा धोका मोकळ्या रानाचा. पॉलिथिलीन खाणारा जिवाणू उद्या प्रयोगशाळेत घडवला आणि तो रानात सोडायचं ठरलं, तर त्याला बांधावरचा फाटका कागद कोणता आणि शेततळ्यातला कामाचा कागद कोणता, हे कळणार नाही. ज्या तालुक्यांत उन्हाळाभर डाळिंबाची बाग त्या एका कागदावर तगते, तिथे हा विचार आजच करायला हवा. शेततळं एका रात्रीत फुटेल, असं मी म्हणत नाही. लाकूडही ओल, ऊब आणि अन्न मिळाल्याशिवाय कुजत नाही. पण शेततळ्यात ओल आणि ऊब दोन्ही बारमाही आहेत. २०२५ मध्ये लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णाच्या जखमेतल्या सुडोमोनास जिवाणूत असं विकर दाखवलं की ते टाके आणि रोपणासाठी वापरलं जाणारं एक प्लास्टिक तोडतं, आणि त्यावर तो जिवाणू आणखी घट्ट पाय रोवतो. म्हणजे ही शक्ती निसर्गात, आपल्याला नको तिथेही, तयार होते आहे. शिवाय जिवाणू आपले गुण शेजारच्या जिवाणूंना देऊ शकतात. एकदा सोडलेलं परत बोलावता येत नाही.

या बाबतीत एका भारतीय माणसाची गोष्ट आठवण्यासारखी आहे. बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खनिज तेल खाणारा जिवाणू घडवला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला पेटंट मान्य केलं. जगभर गाजला तो जिवाणू, पण समुद्रात मात्र सोडला गेला नाही. घडवलेला जीव मोकळा सोडायला कोणी धजावलं नाही. आपल्याकडेही पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ पासून अशा घडवलेल्या जीवांवर नियम आहेत आणि केंद्राच्या समितीची परवानगी लागते. ते नियम सैल होऊ नयेत.

तिसरा धोका मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो मी जगलो आहे. उपाय आला, या नावाखाली घाण वाढते. महाराष्ट्रानं २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर पातळ पिशव्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर आणखी कडक बंदी आली, देशानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या काही वस्तू बंद केल्या. तरी आठवडे बाजारात भाजी कॅरीबॅगेतच मिळते. उद्या कोणी 'प्लास्टिक कुजवणारं कल्चर' अशी बाटली विकायला आलं, तर बंदी पाळण्याचा उरलासुरला आग्रहही जाईल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिवाणूंचं संशोधन व्हावं, जोरात व्हावं, राहुरीत आणि पुण्यातही व्हावं. पण जिवाणू टाकीत राहावेत, रानात नव्हे. टाकीला माल लागेल तो गोळा केलेला, वेगळा केलेला, धुतलेला लागेल. आणि तो गोळा करणं आज, कुठल्याही शोधाची वाट न बघता, आपल्या हातात आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवरही ही जबाबदारी टाकली आहे. २०२२ मध्ये उत्पादकांनी प्लास्टिक परत घेण्याची सक्ती आली, पण ती वेष्टनाच्या प्लास्टिकपुरती. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचा कागद हे वेष्टन नाही, म्हणून त्यांना वाली नाही. कागद विकणाऱ्यानं जुना कागद वजनावर परत घ्यावा, ही मागणी शेतकरी संघटनांनी, दूध संघांनी आणि कारखान्यांनी मिळून सरकारकडे लावून धरली पाहिजे. उसाचं वजन करून पैसे द्यायची व्यवस्था या जिल्ह्यानं सहकारातून उभी केली. जुन्या कागदाचं वजन करणं त्याहून अवघड नाही.

आणि उद्या कोणी तुमच्या गावात प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूंचा प्रकल्प घेऊन आलं, तर ग्रामसभेत उभं राहून चार प्रश्न विचारा. कोणतं प्लास्टिक खाणार? कुठे ठेवणार, टाकीत की उघड्यावर? खाल्ल्यावर मागे काय उरणार आणि ते कुठे जाणार? आणि टाकी बिघडली त्या दिवशी कचरा येणं थांबवणार का? मळीच्या पाण्याच्या वेळी हे प्रश्न आमच्या बापजाद्यांना विचारता आले नाहीत, त्याची किंमत त्यांच्या विहिरींनी मोजली. उत्तरं लेखी घ्या, आणि मगच हात वर करा.